कोणाचं, कशाभोवती, कुठून कुठे : भौतिकशास्त्राची गणितं सोडवताना

देवगडहून बारावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "सर, दहावीला विज्ञानात चांगले गुण होते. आता सूत्रं सगळी पाठ आहेत, फळ्यावर सोडवलेलं गणित कळतं, पण तेच थोडं बदलून आलं की कुठलं सूत्र लावायचं ते सुचत नाही. बलांची गणितं, फिरणाऱ्या वस्तूंची आणि विजेची, तिन्हीकडे हेच होतं. शिवाय सीईटीला वेळ इतका कमी. काय करू?"

कुठलं सूत्र लावायचं, हे तू सगळ्यात आधी विचारतेस. ते शेवटी विचारायचं असतं. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. अडलेल्या मुलांच्या वह्या बघितल्या की एक गोष्ट हमखास दिसते : पहिल्या ओळीत सूत्र, आणि आकृतीचा पत्ता नाही. आपल्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, तेव्हा मुलं अभ्यासात कमी पडतात असं कोणी म्हणणार नाही. पण दहावीपर्यंतची बहुतेक गणितं अशी असतात की दिलेल्या आकड्यांवरून सूत्र ओळखायचं, किमती घालायच्या, उत्तर आलं. अकरावीपासून एकाच गणितात दोन-तीन वस्तू येतात. कुठला आकडा कोणाचा, हे ठरल्याशिवाय सूत्राला हात लावण्यात अर्थ नसतो.

म्हणून सूत्राच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लाव. बलाचं गणित असेल तर, मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतेय? फिरण्याचं असेल तर, कोणत्या अक्षाभोवती? विजेचं असेल तर, कोणत्या दोन बिंदूंमध्ये? उत्तर वहीत शब्दांत लिही. "पेटीबद्दल." "रहाटाच्या कण्याभोवती." "हीटरच्या दोन टोकांमध्ये." एवढ्या दोन-तीन शब्दांनी किती चुका टळतात, ते गणितं सोडवूनच दाखवतो. सगळीकडे गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं आहे.

हापूसच्या पेट्या भरून एक टेम्पो वाशीच्या बाजाराला निघालाय. हौद्यात एक २० किलोची पेटी न बांधता ठेवली आहे. पेटी आणि हौद्याचा पत्रा यांच्यातला स्थितिक घर्षणांक, म्हणजे न घसरता जास्तीत जास्त किती घर्षण मिळू शकतं ते सांगणारा आकडा, ०.४ आहे. सपाट रस्त्यावर टेम्पो १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने वेग घेतो आणि पेटी हौद्यात जागची हलत नाही. पेटीवर घर्षण बल किती, आणि कोणत्या दिशेला?

वर्गात विचारलं की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात : ०.४ गुणिले २०० म्हणजे ८० न्यूटन, मागच्या दिशेला. आकडाही चुकीचा, दिशाही चुकीची. आता पेटीला एकटीला काढ. कागदावर फक्त एक चौकोन. टेम्पो नाही, रस्ता नाही, ड्रायव्हर नाही. मग विचार, हिला कोण कोण शिवतंय? फक्त हौदा. न शिवता ओढणारी एकच, पृथ्वी. म्हणजे वजन २०० न्यूटन खाली, हौद्याचं नॉर्मल बल (पृष्ठभागाचा काटकोनातला रेटा) वर, आणि हौद्याचं घर्षण आडवं. चौथा बाण काढायला कोणी उरलंच नाही. पेटी टेम्पोबरोबर पुढे वेग घेतेय, आणि आडव्या दिशेला बल एकच आहे, घर्षण. तेव्हा ते पुढेच असलं पाहिजे. किती? वस्तुमान गुणिले त्वरण, २० गुणिले १.५, म्हणजे ३० न्यूटन. मग ते ८० कशाचे? ती घर्षणाची कमाल मर्यादा. स्थितिक घर्षण गरजेपुरतंच लागतं. ८० च्या पुढे गरज गेली की पेटी घसरते. घर्षणांक गुणिले नॉर्मल बल हे सूत्र वस्तू घसरत असेल, किंवा घसरायच्या अगदी बेतात असेल, तेव्हाच वापरायचं.

"घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध" हे वाक्य तुला पाठ असेल. ते अर्धवट आहे. घर्षण विरोध करतं ते एका पृष्ठभागावरून दुसऱ्याच्या घसरण्याला. घर्षण नसतं तर टेम्पो पुढे गेला असता आणि पेटी हौद्यात मागे राहिली असती. ते मागे राहणं घर्षण थांबवतं, म्हणून पुढे ओढतं. पेटीही हौद्याला तेवढ्याच ३० न्यूटनने मागे ओढते, पण तो बाण टेम्पोच्या आकृतीतला. पेटीच्या आकृतीत तो आला की सगळी बलं एकमेकांना खातात आणि मुलं विचारतात, "मग पेटी हलते कशी?" क्रिया-प्रतिक्रिया कधीच एका वस्तूच्या आकृतीत सापडत नाहीत.

हेच गणित पुढे नेऊ. टेम्पोचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पेटी न घसरता तो कमीत कमी किती अंतरात थांबू शकेल? पेटीला मागे खेचणारं घर्षण जास्तीत जास्त ८० न्यूटन, भागिले २० किलो, म्हणजे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दुप्पट त्वरण, २२५ भागिले ८, सुमारे २८ मीटर. वस्तुमान दोन्हीकडून निघून जातं. पेटी भरलेली असो की अर्धी, घर्षणांक तोच असेल तर अंतर तेच.

आता टेम्पो घाट उतरतोय, आणि उताराच्या कोनाचा सायन ०.१ आहे. पेटीचं वजन उताराच्या दिशेने २० न्यूटन ओढतंय. ब्रेक लावल्यावर पेटीचं त्वरण उताराच्या वरच्या बाजूला हवं. घर्षण वर, वजनाचा तो भाग खाली. घर्षणाची मर्यादा जवळपास ८० च, पण त्यातले २० वजनाला पेलण्यातच गेले. उरले ६०, त्वरण ३. अंतर २२५ भागिले ६, साधारण ३८ मीटर. त्याच वेगाला, त्याच पेटीला, उतारावर दहा मीटर जास्त लागतात. गणिताचं उत्तर आलं की असा विचार करून बघ. पेट्या दोराने आवळून का बांधतात ते या दोन आकड्यांत आहे.

नॉर्मल बल म्हणजे वजन, हे दुसरं असंच घट्ट बसलेलं गृहीतक. किनाऱ्यावर १०० किलोची लहान होडी वाळूवरून ओढायची आहे. घर्षणांक ०.४. दोर आडव्याशी ३० अंशांच्या कोनात वर धरून ४०० न्यूटनने ओढला. होडी हलेल का? नॉर्मल बल १००० न्यूटन धरलं तर घर्षण ४०० पर्यंत जाऊ शकतं, आणि ओढीचा आडवा भाग ३४६ च आहे. उत्तर : हलणार नाही. पण होडीच्या आकृतीत दोराचा बाण तिरका वर आहे ना? त्याचा उभा भाग २०० न्यूटन होडीला उचलतोय. वाळूवर भार ८०० च, घर्षणाची मर्यादा ३२०, आणि ३४६ न्यूटनपुढे होडी हलते. बाण नीट काढला की "नाही" चं "हो" होतं. नॉर्मल बलाला स्वतःचं सूत्र नाही. त्या दिशेला त्वरण किती, हे बघून ते प्रत्येक गणितात नव्याने काढायचं.

वळणाच्या गणितांत याचीच कसोटी लागते. कोकण रेल्वेने जाताना वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किंचित उंच दिसतो. समजा वळणाची त्रिज्या १२५० मीटर आहे आणि गाडीचा वेग ताशी ९०, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. रुळांवर आडवा दाब अजिबात येऊ नये म्हणून बाहेरचा रूळ किती उचलावा? आकृतीत डबा एकटा. वजन खाली, रुळांचं नॉर्मल बल तिरकं वर. बस्स, दोनच बाण. मुलं इथे तिसरा काढतात आणि त्याला केंद्राभिमुख बल म्हणतात. त्यांना विचार, हे बल डब्याला कोण लावतंय? उत्तर येत नाही, कारण असं वेगळं बल नाहीच. केंद्राकडे ढकलण्याचं काम नॉर्मल बलाचा आडवा भाग करतोय. आपण डब्यात बसून बाहेर फेकल्यासारखे होतो, तोही बाण इथे नको; आपण जमिनीवर उभं राहून गणित करतोय.

आता अक्ष कसे घ्यायचे? उतारावर घसरणाऱ्या ठोकळ्यासाठी एक अक्ष उताराच्या दिशेने घेतो, म्हणून इथेही तसाच घ्यायचा मोह होतो. पण डब्याचं त्वरण उताराच्या दिशेने नाही, आडवं आहे, वर्तुळाच्या केंद्राकडे. अक्ष त्वरणाच्या दिशेने घे, गणित निम्म्याने सोपं होतं. उभ्या दिशेला त्वरण नाही, म्हणून नॉर्मल बलाचा उभा भाग वजनाइतका. आडवा भाग म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. एकाला दुसऱ्याने भागलं की कोनाचा टॅन येतो : ६२५ भागिले १२,५००, म्हणजे ०.०५. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांतलं अंतर १.६७६ मीटर. कोन लहान असल्यामुळे त्याला ०.०५ ने गुणलं तरी चालतं. उत्तर सुमारे ८.४ सेंटिमीटर. डोळ्यांना दिसतं तेवढंच.

एक बारीक गोष्ट इथे बघून ठेव. घसरणाऱ्या ठोकळ्यात नॉर्मल बल म्हणजे वजन गुणिले कोसाइन, ते वजनापेक्षा कमी. या वळणावर ते वजन भागिले कोसाइन, वजनापेक्षा जास्त. आकृती जवळपास सारखी, कोन सारखा, बल वेगळं. फरक फक्त त्वरणाच्या दिशेचा. सूत्र पाठ केलेल्याला हे दोन प्रसंग एकच वाटतात, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

फिरण्याच्या गणितांना मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. त्यात नवं फार नाही. बलाच्या जागी टॉर्क (बल गुणिले अक्षापासूनचं अंतर), वस्तुमानाच्या जागी जडत्व आघूर्ण (फिरवायला वस्तू किती जड जाते ते), त्वरणाच्या जागी कोनीय त्वरण. पण टॉर्क नुसता "किती" म्हणून सांगताच येत नाही. कशाभोवती, ते सांगावं लागतं. जेटीवरून बोटीत जायला ४ मीटर लांबीची, २० किलोची सारख्या जाडीची फळी टाकली आहे. ६० किलोचा माणूस जेटीच्या टोकापासून १ मीटरवर उभा आहे. बोटीवर फळीचा भार किती? अज्ञात बलं दोन आहेत, दोन्ही टोकांना. जेटीकडचं टोक अक्ष म्हणून निवड, म्हणजे तिथल्या बलाचा टॉर्क शून्य आणि ते समीकरणात येतच नाही. फळीचं वजन २०० न्यूटन, २ मीटरवर. माणूस ६०० न्यूटन, १ मीटरवर. एकूण १००० न्यूटन मीटर, भागिले ४, बोटीवर भार २५० न्यूटन. जेटीवर ८०० उणे २५०, म्हणजे ५५०. आता ताळा करायचा असेल तर अक्ष बदल, बोटीकडचं टोक घे : २०० गुणिले २ अधिक ६०० गुणिले ३, म्हणजे २२००, भागिले ४, ५५०. जुळलं. वस्तू स्थिर असेल तर अक्ष कुठलाही चालतो. मग ज्या बलाची माहिती नाही आणि जे विचारलेलंही नाही, ते जिथे लागतं तोच बिंदू निवडावा.

आता विहिरीवर चल. घरामागच्या विहिरीवरचा लाकडी रहाट म्हणजे भरीव दंडगोल समज. वस्तुमान ८ किलो, त्रिज्या १५ सेंटिमीटर. त्याला दोर गुंडाळलेला आहे आणि टोकाला ४ किलोचा पोहरा. हातातून दोर सुटला. पोहरा कोणत्या त्वरणाने खाली जाईल, आणि दोराचा ताण किती? दोराचं वजन आणि कण्याचं घर्षण सोडून देऊ.

हे गणित मी दरवर्षी देतो, कारण यात सगळं आहे. सर्वात नेहमीची चूक, ताण म्हणजे पोहऱ्याचं वजन, ४० न्यूटन. तसं असतं तर पोहऱ्यावरची दोन बलं सारखी झाली असती आणि पोहऱ्याला त्वरणच मिळालं नसतं. इथे वस्तू दोन आहेत, म्हणून आकृत्याही दोन. पहिली पोहऱ्याबद्दल : वजन ४० खाली, ताण वर, त्वरण खाली. म्हणजे ४० उणे ताण बरोबर ४ गुणिले त्वरण. दुसरी रहाटाबद्दल, कण्याभोवती : रहाटाचं स्वतःचं वजन आणि कण्याचं बल दोन्ही अक्षातून जातात, त्यांचा टॉर्क शून्य. उरतो तो ताण गुणिले त्रिज्या. भरीव दंडगोलाचं जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येच्या वर्गाचं निम्मं. तिसरी गोष्ट या दोघांना बांधते : दोर घसरत नाही, म्हणून पोहऱ्याचं त्वरण म्हणजे कोनीय त्वरण गुणिले त्रिज्या. हे तिसरं समीकरण मुलं विसरतात, आणि मग अज्ञात तीन, समीकरणं दोन अशी अवस्था होते.

रहाटाच्या समीकरणातून त्रिज्या निघून जाते आणि ताण म्हणजे रहाटाच्या वस्तुमानाचं निम्मं गुणिले त्वरण, ४ गुणिले त्वरण, एवढंच राहतं. तेव्हा ४० उणे चारपट त्वरण बरोबर चारपट त्वरण. त्वरण ५, ताण २० न्यूटन. १५ सेंटिमीटर ही माहिती वापरलीच नाही. गणितात दिलेला प्रत्येक आकडा वापरलाच पाहिजे असा नियम नाही. परीक्षेत यामुळे खूप मुलं गोंधळतात.

उत्तर आलं म्हणून पान उलटू नकोस. आकडे घालायच्या आधीचं रूप बघ : त्वरण म्हणजे पोहऱ्याचं वजन भागिले (पोहऱ्याचं वस्तुमान अधिक रहाटाच्या वस्तुमानाचं निम्मं). रहाटाला वस्तुमानच नसतं तर? त्वरण १० येतं, मोकळं पडल्यासारखं. बरोबर. रहाट प्रचंड जड असता तर? त्वरण शून्याकडे जातं. तेही बरोबर. पोहरा नुसता लोंबकळणार. उत्तराला असं दोन्ही टोकांना नेऊन बघितलं की चिन्हाची किंवा दोनच्या गुणकाची चूक बहुधा तिथेच पकडली जाते. त्यासाठी आकडे शेवटपर्यंत घालू नयेत. पहिल्या ओळीत आकडे कोंबले की ही तपासणी करायला काही उरत नाही.

दुसरी तपासणी ऊर्जेची. पोहरा १० मीटर उतरला तर त्याचा वेग, दोनदा त्वरण गुणिले अंतर या सगळ्याचं वर्गमूळ, सेकंदाला १० मीटर. स्थितिज ऊर्जा गेली ४०० ज्यूल. पोहऱ्याची गतिज ऊर्जा, ४ चं निम्मं गुणिले १००, २०० ज्यूल. रहाटाचं जडत्व आघूर्ण ०.०९, कोनीय वेग १० भागिले ०.१५, त्यावरून त्याची गतिज ऊर्जाही २०० ज्यूल. बेरीज ४००. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलं की मन निश्चिंत होतं. हे समाधान मुलांनी अनुभवावं अशी माझी फार इच्छा असते. पुस्तकातलं उत्तरांचं पान उघडून "आलं बरोबर" म्हणण्यात ते मिळत नाही.

घरंगळणाऱ्या वस्तूंचं थोडक्यात सांगतो. उतारावर भरीव दंडगोल न घसरता घरंगळला तर त्वरण घर्षणरहित घसरणाऱ्या ठोकळ्याच्या दोन तृतीयांश, पातळ पोकळ नळी निम्मं, भरीव गोल पाच सप्तमांश. वस्तुमान आणि त्रिज्या कुठेच येत नाहीत. वस्तुमान अक्षापासून कसं पसरलंय एवढंच मोजलं जातं. इथलं घर्षण स्थितिक आहे, त्यामुळे पुन्हा घर्षणांकाचं सूत्र लावायचं नाही. आणि टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असल्यामुळे ते घर्षण कार्यही करत नाही. म्हणून ऊर्जेची पद्धत इथे बिनधास्त चालते.

विजेकडे वळताना आधी एक पूल. २ ग्रॅमचा लहान गोळा दोऱ्याला टांगलाय, त्यावर १ मायक्रोकुलोम प्रभार, आणि आडवं विद्युत क्षेत्र २०,००० न्यूटन प्रति कुलोम. दोरा किती कलेल? गोळा एकटा काढ. वजन ०.०२ न्यूटन खाली, विद्युत बल ०.०२ न्यूटन आडवं, ताण दोऱ्याच्या दिशेने. टॅन १ आला, कोन ४५ अंश. प्रकरण विजेचं असलं तरी गणित पेटीचंच आहे.

विद्युतमंडलात मात्र बाण जातात आणि त्यांच्या जागी बिंदू येतात. विभवांतर, म्हणजे व्होल्टमधला फरक, नुसतं "किती" असं विचारताच येत नाही. कुठून कुठे, ते सांगावं लागतं. आगराच्या टोकाला असलेल्या खोलीत पाणी तापवायला हीटर लावलाय. त्यावर लिहिलंय २३० व्होल्ट, २३०० वॉट. घरातल्या बोर्डापासून तिथपर्यंत १ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर नेली आहे, जाऊन-येऊन १२० मीटर. तांब्याची रोधकता साधारण १.७ गुणिले १० चा उणे आठवा घात ओहम मीटर. म्हणजे वायरचा रोध सुमारे २ ओहम. बोर्डावर २३० व्होल्ट आहेत. हीटर प्रत्यक्षात किती वॉट देईल, आणि वायरमध्ये किती वाया जातील?

हीटरवर लिहिलेले वॉट हे त्याच्या दोन टोकांमध्ये २३० व्होल्ट असतील तेव्हाचे. त्यावरून फक्त रोध काढायचा : २३० चा वर्ग भागिले २३००, म्हणजे २३ ओहम. वायर आणि हीटर एकसर जोडलेले, एकूण २५ ओहम. धारा २३० भागिले २५, ९.२ अँपिअर. हीटरच्या टोकांमध्ये ९.२ गुणिले २३, म्हणजे २११.६ व्होल्ट. शक्ती जवळपास १९४७ वॉट. साडेतीनशे वॉट कमी. वायरमध्ये ९.२ चा वर्ग गुणिले २, सुमारे १६९ वॉट. आणि वायरसाठी व्होल्टचा वर्ग भागिले रोध वापरून त्यात २३० घातले तर? २६,००० वॉटच्या वर उत्तर येतं. सूत्र बरोबर आहे, पण २३० व्होल्ट वायरच्या दोन टोकांमध्ये नाहीतच. तिथे फक्त १८.४ आहेत. म्हणून प्रत्येक व्होल्टच्या आकड्यासमोर "कुठून कुठे" लिहायचं. घरातली वीज उलटसुलट वाहणारी असली तरी हीटरसारख्या शुद्ध रोधाला हा हिशेब तसाच लागू पडतो. पंपाच्या मोटारीला तो असा सरळ लावू नकोस.

याच गणितातून मोठी गोष्ट दिसते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून आपल्या चिपळूण तालुक्यात पोफळीला वीज तयार होते. ती दूरवर नेताना व्होल्टेज प्रचंड चढवतात. तेवढीच शक्ती दहापट व्होल्टने पाठवली तर धारा एक दशांश, आणि त्याच तारेतला अपव्यय एक शतांश. अपव्यय धारेच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि ती धारा तारेतूनच जाणारी. पाठवणीचं व्होल्टेज हे दोन तारांमधलं आहे, एका तारेच्या दोन टोकांमधलं नाही. हा फरक कळला की हा प्रश्न कधीच चुकणार नाही.

विद्युतमंडलातल्या धारा आणि व्होल्ट यांच्या बेरजेच्या, म्हणजे किर्चॉफच्या, नियमांत चिन्हांची भीती वाटते. धारेची दिशा मनाने ठरव, बाण काढ आणि मग शेवटपर्यंत त्या बाणाशी प्रामाणिक राहा. उत्तर उणे आलं तर धारा उलट आहे, एवढाच अर्थ. मध्येच बाण फिरवायचा नाही. मच्छीमार बोटीवरची १२ व्होल्टची बॅटरी घे, अंतर्गत रोध ०.१ ओहम. दिव्यांना १० अँपिअर देत असताना तिच्या टोकांमध्ये ११ व्होल्ट, चार्जरने १० अँपिअर आत घालताना १३. बॅटरी तीच, रोध तोच. धारेची दिशा बदलली म्हणून बेरजेची वजाबाकी झाली.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना एक सांगावंसं वाटतं. अकरावीला अचानक सगळं इंग्रजीत येतं आणि चार ओळींचं गणित वाचतानाच धाप लागते. गणित वाचून झालं की पुस्तक बाजूला ठेव आणि आपल्या बोलीत, मोठ्याने, घरच्या कोणालाही सांग : काय आहे, काय हलतंय, काय विचारलंय. सांगता आलं नाही तर अडचण भौतिकशास्त्रात आलेलीच नाही, वाचण्यात आहे, पुन्हा वाच. सांगता आलं तर आकृती आपोआप हाताखाली उतरते.

राहिला सीईटीचा वेळ. भौतिक आणि रसायन मिळून ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा नाही. "एवढं सगळं काढत बसलो तर कसं होणार?" असं मुलं विचारतात. घरी सराव करताना पूर्ण आकृती, पूर्ण वाक्य, दोन्ही टोकांची तपासणी, ऊर्जेचा ताळा, सगळं करायचं. दिवसाला तीन-चारच गणितं झाली तरी चालतील. काही आठवड्यांत आकृती अंगठ्याच्या नखाएवढी होते आणि दहा सेकंदांत निघते. मग परीक्षेत कच्च्या पानावर तेवढीच काढायची. पर्याय दिलेले असतात, म्हणून टोकाची तपासणी तिथे दुप्पट कामाची. चार पर्याय अक्षरांत असतील तर रहाटाचं वस्तुमान शून्य करून बघ. त्वरण मोकळ्या पडण्याइतकं देत नाहीत ते पर्याय लगेच गळतात. एककं बघ, त्यात आणखी एखादा जातो. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. नीटला मात्र एक गुण जातो, तिथे दोन पर्यायांवर आल्याशिवाय खूण करू नकोस. आणि ज्या प्रश्नात "कोणाबद्दल" हेच तीस सेकंदांत ठरत नाही, त्यावर "नंतर बघायचं" अशी खूण करून पुढे जा. दुसऱ्या फेरीत त्याच्याकडे परत ये आणि तेव्हाही सुरुवात वस्तूपासूनच कर.